मागच्या खोलीचं निळं कार्पेट

८ जानेवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायला खरंच वाकलो होतो, पण मागच्या खोलीच्या जमिनीवर गोंद ओला आहे आणि "साहेब, पाय ठेवाल तर तिथेच राहाल" अशी कार्पेटवाल्याची तंबी आहे. तेव्हा नमस्कार उभ्यानंच, दारातून घे.

फोन न करता पत्र का लिहितोय, ते तुला ठाऊक आहे. फोनवर मी "ये ना गं राहायला" म्हणतो, तू "बघू" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण तू साधी चिंधी कधी फाडून टाकली नाहीस, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

सरळच लिहितो. दाजी गेल्यापासून तू तिकडे भाड्याच्या खोलीत एकटी, मी इकडे दोन खोल्या जास्त असलेल्या घरात एकटा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझं सगळ्यात जास्त बोलणं फ्रीजशी होतं. उघडतो, "काही नाही वाटतं" म्हणतो, बंद करतो. मला तू इथे हवी आहेस. दोन दिवसांसाठी नाही, कायमची.

माणसांना पटवणं मला कधी जमलं नाही. जमलं असतं तर एव्हाना लग्न झालं असतं. म्हणून ठरवलं, मागची खोलीच अशी सजवायची की तिनंच तुला पटवावं. भिंत ते भिंत नेव्ही ब्लू कार्पेट घेतलंय. गडद रंगावर डाग दिसत नाहीत असं दुकानदार म्हणाला, मला माझं चहा सांडणं आठवलं आणि सौदा झाला. वर एखादा गालिचा टाकल्याशिवाय खोली उठून दिसत नाही, असंही तोच म्हणाला. आता कुठला, केवढा, कुठे, ते तू सांग. पडदे-गाद्यांच्या दुकानात तू उभा जन्म काढलास. गिऱ्हाईक दिव्याखाली नेऊन रंग बघत बसायचं आणि तू शिवणयंत्रावरून मान वर करून सांगायचीस, "हा त्याच्या जोडीचा नाही." कार्पेटचा तुकडा सोबत ठेवलाय.

गोंदाच्या वासानं डोकं धरून बसलेला,
तुझा धाकटा


१७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान पुढे कर.

अक्षर मोठं काढलंय, कारण तुला बारीक सांगितलेलं कळत नाही हा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

तुकडा पाहिला. खिडकीत धरून पाहिला, उन्हात धरून पाहिला. अरे बाबा, हा काळा आहे. ठार काळा. नेव्ही ब्लू म्हणून तुझ्या गळ्यात काळं कार्पेट मारलंय आणि तू गोंद लावून ते जमिनीला चिकटवून बसलास. बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहायचास ना तू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गालिच्याचं विचारलंस म्हणून सांगते. खोलीच्या मधोमध टपालाच्या तिकिटाएवढा गालिचा चिकटवू नकोस. मोठा घे. पलंगाच्या पुढच्या पायांखाली दाबला जाईल आणि तिन्ही बाजूंनी ऐसपैस बाहेर येईल, असा. भिंतीकडेनं कार्पेट उघडं राहू दे. कार्पेटवर गालिचा सरकतो, म्हणून खाली जाळी घाल. काठ जाड असावा, पायाला कळला पाहिजे. आणि रंग फिकट. साईसारखा. फिकट म्हणजे फिकट, दारातून दिसला पाहिजे.

राहायला येण्याचं म्हणशील तर, मी कुणाच्या घरी पाहुणी म्हणून जगणार नाही. इथे माझी खोली आहे, माझा गॅस आहे, चहा उतू गेला तरी माझा जातो. शिवाय काळ्या कार्पेटवर मी पाय ठेवणार नाही. आधी ते बदल, मग बघू.

तुझी,
ताई


२९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं, खाली ठेवलं, मागच्या खोलीत गेलो आणि काय सांगू, कार्पेट काळं दिसलं. त्या क्षणापर्यंत निळं होतं! तुझ्या एका ओळीनं माझे डोळे फितूर झाले.

मग काय, दुकानदाराला घरी बोलावून आणलं. म्हटलं, ही फसवणूक आहे. त्यानं खिडकी उघडली, दिवा लावला, स्वतःची काळी चप्पल काढून कार्पेटवर ठेवली आणि म्हणाला, "हा काळा. हा निळा." मी म्हणालो, "दोन्ही काळे. एक झिजलाय, एवढंच." आवाज ऐकून समोरच्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या मुलीच्या शाळेच्या स्कर्टचा रंग हा. नेव्ही ब्लू." मी त्यांना स्कर्ट पुन्हा एकदा नीट बघायला सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

"पण साहेब, काळा म्हणतंय कोण?"

"माझी ताई."

"त्यांनी खोली पाहिली?"

"तिला तुकडा पुरतो."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. कार्पेट उखडलं तर खालची फरशी सोबत येईल, असं त्याचं म्हणणं. म्हणून मग मी दुसरा मार्ग धरला. काळं झाकायचं. त्याच्याच दुकानात सेल होता. तू एक मोठा गालिचा सांगितला होतास, मी पाच लहान आणले, कारण मोठ्यावर सूट नव्हती. एक पिवळाधमक गोल आहे. एक पट्ट्यापट्ट्यांचा. एकावर हरीण आहे आणि ते माझ्याकडे असं बघतं, जणू तेही चुकीच्या पत्त्यावर आलंय. जाळी विसरलो. पिवळ्यावर पाय ठेवून निघालो तो थेट कपाटापाशी पोचलो, मध्ये एकही पाऊल न टाकता. लागलं नाही फारसं. कपाटाचं दार मात्र आता मिटत नाही.

दुकानदार एका बाबतीत खरं बोलला होता. या रंगावर डाग दिसत नाहीत. बाकी सगळं दिसतं. कापूस, धूळ, बिस्किटाचा चुरा, माझा गळलेला एकेक पांढरा केस. डोक्यावर होते तेव्हा ते कुणाला इतके ठसठशीत दिसले नव्हते. दिवसातून चारदा ब्रश घेऊन रांगतो. या वयात रांगायला लागलेला माणूस पाहायचा असेल तर ये.

जाता जाता दुकानदार म्हणाला, "साहेब, राग मानू नका, डोळे तपासून घ्या." राग मानला. पण पुढच्या आठवड्यात जाणार आहे. मला जर निळं आणि काळं एक दिसत असेल तर बँकेत मी कुणाकुणाला कुणाकुणाच्या सहीवर पैसे दिले असतील, या विचारानं झोप उडाली आहे.

तुझा धाकटा


६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली. ती रोज येतेच म्हणा, सुईत दोरा ओवून द्यायला. मला येत नाही असं नाही, पण तिला तेवढंच शिवणाचं वळण लागतंय.

पाच गालिचे! हरीण! अरे, खोली सजवतोयस की जंगल लावतोयस? तुला मी मोठा, फिकट आणि एक असं तीन शब्दांत सांगितलं होतं. त्यातला एकही शब्द तुझ्यापर्यंत पोचू नये, ही कला आहे.

डोळे जरूर तपास. वय झालं की तपासायलाच हवेत. हयगय करू नकोस, माणसानं स्वतःशी खोटं बोलू नये. फक्त एक ऐक. ऑपरेशन बिपरेशन म्हणाले तर घाईनं हो म्हणू नकोस. आमच्या दुकानातल्या कटिंगमास्तरांनी केलं होतं. चांगला कसबी माणूस, पण तो डोळा पुन्हा उघडलाच नाही, आणि दुसरा आधीच अधू. त्यानंतर ते दुकानात नुसते येऊन बसायचे, आणि आम्ही त्यांच्या हातात चहा द्यायचो. कप हातात नीट धरला की नाही, तेही आम्हीच बघायचो. त्यापेक्षा आहे ते बरं. थोडं धूसर दिसतं इतकंच ना?

मी दुकानाचं काम सोडलं बरं का. घरी आणून शिवत होते तेही. मन लागत नाही, दुसरं काही नाही.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

जाऊन आलो. डॉक्टर बाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवून बसवलं. शेवटी म्हणाल्या, "तुमचे डोळे वयाच्या मानानं उत्तम आहेत." मला ते मान्य नव्हतं. खिशातून कार्पेटचा तुकडा काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हा रंग कुठला?"

"नेव्ही ब्लू."

"नीट बघून सांगा."

"आजोबा, नेव्ही ब्लू."

आजोबा ऐकून मी आधीच दुखावलो होतो. म्हणालो, माझी ताई याला काळा म्हणते, आणि रंगाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी विचारलं, ताईंचं वय काय? सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू वाढला की गडद निळा काळा दिसायला लागतो. त्यांना घेऊन या." यावर मी काय करावं? "माझ्या ताईच्या डोळ्यांबद्दल बोलायचं काम नाही" असं जोरात म्हणालो आणि बाणेदारपणे बाहेर पडलो. चष्मा त्यांच्या टेबलावरच राहिला. परत आत जाऊन तो मागावा लागला. बाणेदारपणा मला कधीच शोभला नाही.

घरी येऊन मागच्या खोलीत बसलो. पिवळ्या गालिच्यावर, भिंतीला टेकून. आणि एकेक गोष्ट माझ्या जाड डोक्यात शिरायला लागली. तुझं वाढत चाललेलं अक्षर. रोज दोरा ओवायला येणारी शेजारीण. पायाला कळेल असा काठ, दारातून दिसेल असा रंग. मन लागत नाही म्हणून सोडलेलं काम. तुझं, आणि शिवणात मन लागत नाही! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तू सांगितलंस म्हणून खरं मानलं, कार्पेटसारखंच.

ताई, कार्पेट निळं आहे. पहिल्या दिवसापासून निळंच होतं. मला ते लिहिताना फार वाईट वाटतंय, पण तुझ्याशी खोटं बोलून बसणं त्याहून वाईट. कटिंगमास्तरांचं झालं ते झालं. तुझं तसं होईल म्हणून तू अंधारात बसून राहायचं, हे मला मान्य नाही. मी घ्यायला येतो. कधी येऊ, तेवढं लिही.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्राचं उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. शेजारणीनं उचलला आणि "त्या म्हणतायत त्या घरी नाहीत" असं सांगितलं. मागून तुझा आवाज येत होता, तिला अजून जरा बरं खोटं बोलायला शिकव.

माफी मागणार होतो. तीनदा लिहायला बसलो, पण कशाची मागू ते कळेना. कार्पेट निळं आहे याची? मग ठरवलं, माफी राहू दे, काम करू.

खोली पुन्हा लावली. यावेळी तुझी पत्रं समोर ठेवून. हरीण बाकीच्या चौघांसकट पलंगाखाली गेलं. साईच्या रंगाचा एक मोठा गालिचा आणला, सूट नसताना. पलंगाच्या पुढच्या पायांखाली दाबला. तिथून दारापर्यंत आणि दारापासून न्हाणीघरापर्यंत नव्या, फिकट, लहान गालिच्यांची वाट केली. खाली जाळी घातली, काठ शिवून पक्के केले. शिवले मीच, ते तुझ्या बोटांना कळेलच. मग डोळे मिटून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालून पाहिलं. पहिल्यांदा न्हाणीघराऐवजी कपाटात पोचलो. त्याचं दार उघडंच असतं ना. आता जमतं.

दुकानदार बघायला आला होता. म्हणाला, "निळं कुठे उरलंय आता?" म्हटलं, कडेनं आहे तेवढं पुरे. जिला बघायचंय तिला आधी दिसू तर दे.

बोल गं काहीतरी. शिव्या घाल. पण बोल.

तुझा धाकटा


९ मार्च

धाकट्या,

प्रिय लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

मी चिडले होते. इतकी, की तो तुकडा शोधून काढला आणि शेजारणीला विचारलं. ती म्हणाली निळा. वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं. निळा. दूधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "आजी, काळा पाहिजे तर काळा म्हणतो." म्हणजे मीही तुझ्यासारखीच सगळ्या गावाला विचारत सुटले. आपण एकाच आईची, यात शंका नको.

लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दाखवण्यात माझा जन्म गेला. मुसळ माझ्याच डोळ्यात निघालं, आणि वर मी तुलाच डोळे तपासण्यावर प्रवचन दिलं. स्वतःशी खोटं बोलू नये म्हणे! हे वाक्य आठवलं की लाज वाटते आणि हसूही येतं.

आता तुला सांगतेच. या दिवाळखोर डोळ्यांनी मी एका खिडकीचे पडदे शिवले. एक निळा, एक काळा. गिऱ्हाइकानं लावून पाहिले आणि काही न बोलता परत आणून दिले. शेठनंही तोंडातून शब्द काढला नाही, गुपचूप दुसऱ्या बाईकडे दिले. ओरडला असता तर मी भांडले असते. कुणी ओरडलं नाही, म्हणून काम सोडलं.

तुझ्याकडे येत नव्हते त्याचं कारण पाहुणेपणा हे खरंच आहे, पण अर्धंच. न दिसणारी बहीण सांभाळतो म्हणून लोकांनी तुझं कौतुक करावं आणि मी शेजारी बसून ऐकावं, हे मला सोसणार नव्हतं. आयुष्यभर मी तुझी मोठी होते. आता तू मला हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेणार? मला भीती वाटते रे. ऑपरेशनची वाटते, आणि त्याहून जास्त याची वाटते.

डोळे मिटून चालून पाहिलंस ते वाचलं. शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं, खरं सांगायचं तर सगळीच पत्रं तिच्याकडून वाचून घेते. कपाटात पोचलास तिथे आम्ही दोघी हसलो, आणि मग ती वाचायची थांबली, कारण माझ्याच हुंदक्यांत मला ऐकू येईनासं झालं होतं.

मी येते. त्या आजोबा म्हणणाऱ्या डॉक्टर बाईंकडेच करू. पण ऑपरेशनपुरतीच, पाहुणी म्हणून. डोळा बरा झाला की मी माझ्या खोलीत परत. यावर वाद नको. आणि गाडीतून उतरताना हात देऊ नकोस. नुसता जवळ उभा राहा.

ताई


२० एप्रिल

प्रिय धाकट्या,

तू औषधं आणायला गेलायस, म्हणून हे लिहून तुझ्या टेबलावर ठेवतेय. तोंडावर सांगितलं असतं तर तू रडला असतास, तुझं बघून मी रडले असते, आणि नव्या डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टर बाईंनी बजावलंय.

आज सकाळी पहिल्यांदा एकटीनं, नीट, खिडकी उघडून खोली पाहिली. धाकट्या, काय निळा आहे रे हा! मी गडद म्हणजे काळपट धरून चालले होते. इतकी वर्षं कापडं हाताळली, पण निळा इतका निळा असतो हे मीसुद्धा विसरले होते. बराच वेळ कडेला, जिथे कार्पेट उघडं आहे, तिथे खुर्ची टाकून बसले. वाकून हात फिरवला. तुझे केस बरेच आहेत तिथे.

मग बाकीचं दिसायला लागलं. देवा! धुवट पिवळा, पिस्ता, गुलाबी, आणि ज्याला तू पत्रात फिकट म्हणालास तो चक्क औषधाच्या गोळीचा रंग. एवढ्या सुंदर निळ्यावर हे! आणि तुझी शिवण! इतके लांब टाके तर आम्ही पोती शिवतानाही घालत नव्हतो. महिनाभर मी या सगळ्यावरून चालले आणि मला वाटत होतं, किती छान लावलंय पोरानं.

एक ठेवलाय. पलंगाजवळचा, साईच्या रंगाचा. त्याची शिवण उसवून मी परत घालेन, पण तो राहील. माझ्या पायांना तो माहीत झालाय.

बाकीचे चालणार नाहीत. उद्या तुझ्या त्या दुकानदाराकडे जायचं, आणि या वेळी निवड मी करणार, तू फक्त पिशवी धरायची. चार पावलं मागे उभं राहायचं आणि "सूट आहे का" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

दुसऱ्याच्या घरातले गालिचे पाहुणीनं असे उचलून टाकायचे नसतात, एवढी रीत मलाही कळते. म्हणून आधी घरमालकिणीला फोन केला आणि तिकडची खोली सोडली म्हणून सांगितलं. मग तुझे गालिचे गुंडाळून गॅलरीत टाकले.

तुझी,
ताई